सातवं पुस्तक घडलंच नाही

‘सीमातारा’ ही मालिका तुम्ही पाहिली नसेल तर त्यात तुमचा दोष नाही. ती टीव्हीवर आली तेव्हा मी सहावीत होते. सव्वीस रविवार चालली आणि सत्ताविसाव्या रविवारी तिच्या जागी सोयाबीनवरच्या अळीचा कार्यक्रम लागला. सूर्यमालेच्या वेशीवर एक चौकी, तिच्यावर आठ माणसं, त्यांची कॅप्टन वैजयंती आणि भिंतीवर दोन दिवे. सगळं ठीक असलं की लाल दिवा, धोका असला की हिरवा. असं उलटं का, ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. पण ज्यांनी ती मालिका पाहिली ते अजूनही सिग्नलला हिरवा लागला की क्षणभर दचकतात. माझी तर गाडी बंद पडते आणि मागचे शिव्या घालतात.

मालिका संपल्यावर नागपूरच्या इतवारीतल्या एका छापखान्यानं तिच्यावर अकरा कादंबऱ्या काढल्या. सगळ्यांवर लेखकाचं नाव एकच, दि. म. नक्षत्रे. हा गृहस्थ कुणी कधी पाहिला नाही. मग तीसेक वर्षं सामसूम, आणि अलीकडे पुण्याच्या काही तरुण मंडळींनी हक्क मिळवून श्राव्यनाटकं सुरू केली. मोबाइलवर, कानात बोंडं घालून ऐकायची. म्हणजे आता सीमातारा तीन झाल्या: पाहिलेली, वाचलेली आणि ऐकलेली. तिघींचं आपसात पटत नाही. पाचव्या कादंबरीत चौकीवरचा डॉक्टर मरतो, आणि दुसऱ्या नाटकात तोच डॉक्टर आल्याचा चहा मागतो.

हा गुंता सोडवायला आमचं मंडळ आहे. माणसं नऊ. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी नंदनवन वस्तीत भैय्याजींच्या बैठकीत जमतो. भैय्याजी निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांनी भिंतीवर एक लांबलचक कागदी पट लावलाय, त्यावर चौकीचा सगळा इतिहास वर्षावर्षानं लिहिलेला आहे. पुस्तक असो की नाटक, ते ‘घडलं’ की ‘घडलं नाही’ यावर आम्ही हात वर करून मत देतो. घडलं असेल तर भैय्याजी पटावर चढवतात. घडलं नसेल तर ते वाचायला बंदी नाही, पण त्याचा दाखला देऊन भांडायचं नाही. जगात याहून मोठे प्रश्न आहेत हे आम्हाला ठाऊक आहे. ते सोडवायला बाकीचे आहेत.

एक नियम मात्र माझा. मताआधी प्रस्ताव मांडणाऱ्यानं वहीतला आपला शेरा पूर्ण वाचायचा, एक ओळ न गाळता. हा नियम मी रागाच्या भरात करून घेतला, कारण मिहानमधल्या कंपनीत काम करणारा आमचा गौरांग पुस्तकं चाळतो आणि वाचली म्हणून सांगतो. गौरांग नाटकांच्या बाजूचा. त्याच्या मते कॅप्टनचा खरा दरारा आवाजातच आहे. माझं म्हणणं, नाटकातली कॅप्टन चालते तेव्हा चौकीच्या पोलादी फरशीवर नव्हे, कोटा फरशीवर स्लिपर घालून चालल्यासारखं वाटतं. यावर आम्ही दोघं तीन महिने बोलत नव्हतो.

मी पुस्तकवाली. अकराच्या अकरा मला जवळपास पाठ आहेत. आणि तरीही सातवं पुस्तक, ‘हवेची राखण’, घडलंच नाही असा प्रस्ताव अकरा वर्षांपूर्वी मीच आणला होता. एक्केचाळीस चुका काढून दाखवल्या होत्या. दहापैकी तीन गुण दिले होते. ठराव एकमतानं मंजूर झाला आणि सातवं पुस्तक पटावरून गेलं.

या एप्रिलमध्ये पुण्याहून निरोप आला. आता कादंबऱ्यांवर नाटकं करायची आहेत, त्यातली कुठली धरायची आणि कुठली सोडायची ते नागपूरकरांनी ठरवावं, मेच्या दुसऱ्या सोमवारपर्यंत यादी पाठवावी. आमच्या मंडळाला याआधी कुणी काही विचारलं नव्हतं. भैय्याजींनी तो निरोप छापून आणून पटाशेजारी चिकटवला.

त्या उत्साहात गौरांगनं अकरा मुखपृष्ठांचा फोटो फेसबुकवर टाकला. खाली कुणा हिमानीनं लिहिलं, ‘यातलं सातवं माझ्या आजीनं लिहिलंय.’ माझं डोकंच फिरलं. नक्षत्रेंच्या नावावर उड्या मारायला लोक आता आज्या पुढे करणार? मी खाली एकच शब्द लिहिला, ‘पुरावा?’ तिनं पत्ता दिला. कळमेश्वर. शनिवारी मी बस धरून निघाले, लबाडी उघडी पाडायला.

सिंधूताई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मुलगा तिथल्या एमआयडीसीत कामाला, त्याच्या घरी राहतात. दारात आल्या त्या मान जराशी तिरकी करून माझ्याकडे पाहत.

“मधातलं दिसत नाई मले, कडेचं दिसते,” त्या म्हणाल्या. “म्हून अशी पाहून राहिली. बस वं बाई. फेसबुकवाली तूच काय?”

पुरावा पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत होता. शाळेच्या सात वह्या, निळ्या शाईनं भरलेल्या. पहिलं वाक्य वाचलं आणि पुढचं मी न पाहता म्हणू शकले असते.

“मग नक्षत्रे कोण?” मी विचारलं.

“कोणीच नाई. ज्याले सवड असे थो नक्षत्रे. म्या तं तिथं प्रुफं तपासो. सातव्याच्या टायमाले जो नक्षत्रे होता त्याचं लगन झालं अन् थो अकोल्याले गेला. दिवाळी आली तोंडावर. मालक म्हणे, सिंधूबाई, इतके वर्स दुसऱ्याच्या चुका काढल्या, आता आपल्या करा. एकोणीस दिवसांत लिवलं.”

“पण त्यात दिवे उलटे आहेत. धोक्याला लाल, ठीक असल्यावर हिरवा.”

“मंग? धोक्याले लालच असते नं?”

“मालिकेत नव्हतं.”

“असन बाप्पा. शेजारच्यायच्या घरी पाह्यली म्या, ब्लॅक अँड व्हाइटवर. दोन्ही दिवे मले सारखेच दिसत.”

मी पाणी प्यायले. या उलट्या दिव्यांवर गौरांगनं आमच्यापुढे चाळीस मिनिटांचं व्याख्यान दिलं होतं. सातवं पुस्तक एका समांतर विश्वात घडतं, असा त्याचा सिद्धांत होता, आकृत्यांसकट.

मग मी गुणवंताबद्दल विचारलं. हे पात्र फक्त सातव्यात आहे. चौकीवरची हवा खेळती ठेवणारं यंत्र सांभाळणारा हा माणूस. भिंतीला भेग पडते, हवा कमी होऊ लागते, कॅप्टन वैजयंती दर प्रकरणात त्याला हाक मारून विचारते, हवा किती उरली? आणि तो दर वेळी आपल्या बोलीत म्हणतो, ‘पुरते नं बाई. तुमी जेवून घ्या पयले.’ शेवटी कळतं की पुरत नव्हती, आणि तो स्वतःच्या वाट्याची सोडत होता.

सिंधूताईंनी पदर सारखा केला. “ते नाव तू घे. मी नाई घेत.”

“का?”

“हिमानीच्या आज्याचं हाय.” त्या गालातल्या गालात हसल्या. “कन्हानले राहो तवा आमी. थो खदानीत पंख्यावर होता. खाली माणसं काम करत, त्यायले वरून हवा द्याची. त्याच्याच तोंडून सारं ऐकलेलं म्या. अन् ते ‘पुरते’ म्हणणं जेवणाचं होतं वं. भाकर कमी पडली का म्हणे, पुरते, तुमी जेवून घ्या पयले. मंग पाणी पिऊन उठे. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाई. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. तोंडानं नाई घेता येत, तं म्हटलं लिवून तं घेता येते. दोनशे बार लिवलं त्या पुस्तकात. रोज संध्याकाळी लिवलेलं वाचून दाखवो त्याले, नाव आलं का निस्तं बोट ठेवो.”

“ते काय म्हणाले?”

“काही नाई. दोन दिवस नवी टोपी घालून फिरला.”

ते जाऊन आठ वर्षं झाली होती. सिंधूताईंनी वह्या चाचपून पुन्हा पेटीत ठेवल्या. “हिमानी म्हणे, आता पुस्तकायचे ऐकाचे नाटकं करून राहिले. मले वाचता तं येत नाई आता. एकदा ऐकाचं हाय वं मले. कोणी त्याले हाक मारते अन् थो ओ देते, येवढंच. माहं पुस्तक घेतीन नं ते पोट्टे?”

सांगायला हवं होतं. की ते पुस्तक आमच्या हिशेबी घडलेलंच नाही, आणि ते मी घडू दिलं नाही. मी म्हणाले, “रविवारी ठरेल.”

“मंग मी येतो,” त्या म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये मला माझाच राग येत होता. कारण एक्केचाळीस चुकांपैकी सतरावी मला शब्दन् शब्द आठवत होती. जुना ठराव फिरवायचा तर ज्यानं तो मांडला त्यानं शेरा पुन्हा वाचायचा, पूर्ण, एक ओळ न गाळता. नियम माझाच. आपल्याच हातानं विहीर खणली होती, आणि आता काठावर पाहुण्या बसणार होत्या.

रविवारी पारा चव्वेचाळीसवर होता. भैय्याजींच्या बैठकीत कूलर घरघरत होता. हिमानीनं आजीला आणून खुर्चीवर बसवलं, पटासमोरच. सगळ्यांनी उठून नमस्कार केला. गौरांगनं तर वाकून पायांना हात लावला आणि दिव्यांचं खरं कारण कळल्यावर डोक्याला हात लावून खाली बसला. भैय्याजींनी आलुबोंडे आणवले होते. सगळे इतके खुशीत होते की मला वाटलं, आता सरळ हात वर करतील आणि वही उघडायचीच वेळ येणार नाही.

पण भैय्याजी म्हणजे भैय्याजी. तीस वर्षं पोरांची वर्तुळं कंपासनं मोजलेला माणूस.

“भावना, शेरा वाच,” ते म्हणाले. “मंग मत घेऊ.”

“भैय्याजी, आज राहू द्या ना.”

“नियम कोनाचा हाय वं?”

मी वही उघडली. माझं अक्षर तेव्हा फार ठसठशीत होतं, रागात असले की असतं. ‘एकूण चुका एक्केचाळीस’ इथपासून वाचू लागले. दिवे उलटे. डॉक्टर पाचव्यात मेला असताना सातव्यात शिंकतो. कॅप्टनची खोली तिसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर. सिंधूताई मान तिरकी करून ऐकत होत्या, मध्येच “बरोबर हाय” म्हणत होत्या. प्रुफं तपासणारीचा कान. सोळावी चूक वाचली आणि एका दमात मी अठरावीवर गेले.

“सतरावा राह्यला,” भैय्याजी म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना काय ठाऊक! त्यांचं बोट आकडे मोजत होतं, एवढंच.

मी वाचलं. “सतरा. गुणवंता हे पात्र सीमातारात शोभत नाही. कन्हानच्या बसस्टँडवर उभा असल्यासारखा बोलतो. अंतराळात जाणारी माणसं अशी बोलत नाहीत. अशा गावंढळ भाषेनं मालिकेची शान जाते.”

हिमानी माझ्याकडे अशी पाहत होती की नजर वर करायची माझी हिंमत झाली नाही.

सिंधूताई हसायला लागल्या. आधी बारीक, मग खांदे हलेपर्यंत.

“उभाच राहे थो,” त्या म्हणाल्या. “कन्हानच्या स्टँडवर. मी इतवारीहून येवोस्तोर रोज तिथंच उभा राहे. हे तं तुले बराबर समजलं वं!” डोळे पुसून त्यांनी विचारलं, “कितीक बार वाचलं तू माहं पुस्तक?”

“सहा.”

“सहा बार!” त्या हिमानीकडे वळल्या. “आइकलं काय? तुह्या बापानं एक बार नाई वाचलं. इनं सहा बार वाचलं, एकेक वळ पाहून. येवढं तं म्या बी नाई तपासलं.” मग माझ्याकडे, “पुढचं वाच. अजून चोवीस हायेत नं?”

मी वाचलं. सगळं, एक्केचाळीसपर्यंत. आणि वही मिटून उभी राहिले, कारण आता मला जे बोलायचं होतं ते कुठल्या वहीत नव्हतं.

मी मूळची कन्हानची. तिथं माझ्या बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. सहावीत वक्तृत्व स्पर्धेत परीक्षकांनी माझ्या कागदावर लिहिलं होतं, ‘उच्चार गावंढळ.’ त्याच वर्षी ‘सीमातारा’ आली. कॅप्टन वैजयंती जसं बोलते तसं बोलायला मी आरशासमोर शिकले. ‘मले’ गेलं, ‘मला’ आलं. पुढे होस्टेलला बाबा भेटायला आले आणि फाटकातून ओरडले, “भावना हाय काय वं?” तेव्हा मी धावत जाऊन त्यांना रस्त्याच्या पलीकडे नेलं आणि तिथंच उभ्या उभ्या बोलून परत पाठवलं. डबा दिला आणि ते गेले. मग त्या स्वच्छ, शुद्ध चौकीवर, जिथं मला कुणी हसणार नव्हतं, सातव्या पुस्तकात एक माणूस हुबेहूब माझ्या बाबांसारखा बोलत आला.

हे सगळं मी मंडळाला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, “भैय्याजी, सतरावा मुद्दा पुस्तकाबद्दल नव्हता. माझ्या बाबांबद्दल होता. मला त्यांची लाज वाटायची. ती चूक सिंधूताईंची नाही, माझी आहे. मी प्रस्ताव मागे घेते. सातवं पुस्तक घडलं.”

गौरांग पटकन म्हणाला, “ताई, मी एक सांगू? अकरा पुस्तकांमध्ये हवेचं यंत्र खरं वाटतं ते फक्त सातव्यात. बाकीच्यांमध्ये नुसती बटणं दाबतात.”

“यानं वाचलं म्हणजे!” भैय्याजी म्हणाले आणि हात मोजले. नऊ. मग निळी पेन्सिल घेऊन स्टुलावर चढले आणि सहा व आठच्या मध्ये, अकरा वर्षं रिकाम्या असलेल्या जागी ‘हवेची राखण’ लिहिलं. “गुण किती ठेवू?”

“तीनच,” मी म्हणाले. “दिवे उलटे आहेत ते आहेतच.”

“जास्तच देल्ले,” सिंधूताई म्हणाल्या. “मी असती तं दोन देल्ले असते.”

यादी तर झाली. पण गौरांगला एक भलतीच काळजी लागली. पुण्याच्या नटानं गुणवंताला सिनेमातल्या घरगड्यासारखं बोलायला लावलं तर? त्याचं म्हणणं, यादीसोबत एक तुकडा इथूनच ध्वनिमुद्रित करून पाठवू, म्हणजे तो कसा बोलतो ते त्यांना कळेल. कॅप्टनची वाक्यं सिंधूताईंनी म्हणावीत, त्यांना पाठच आहेत. आणि गुणवंता?

भैय्याजींची कवळी शिट्टी वाजवते. गौरांग अमरावती रोडवरच्या इंग्रजी शाळेतला. बाकीचे एकमेकांकडे पाहू लागले, आणि मग हळूहळू सगळे माझ्याकडे.

“मी करते,” मी म्हणाले.

कूलरचा आवाज येत होता म्हणून भैय्याजींनी तो बंद केला. दोन मिनिटांत बैठकीची भट्टी झाली. खिडक्या लावल्या, दार लावलं. नऊ अन् दोन अकरा माणसं घाम पुसत गप्प बसली. गौरांगनं मोबाइल दोघींच्या मध्ये स्टुलावर ठेवला आणि बोटानं खूण केली.

सिंधूताईंनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

“नाव घ्या लागते काय?”

“पुस्तकात तसंच आहे, ताई.”

“पुस्तकात म्या लिवलं व्हतं. तोंडानं नाई घेतलं.”

“मी म्हणू का?” हिमानीनं विचारलं.

“नाई. थांब वं बाई.”

त्यांनी पदर डोक्यावरून घेतला. घाम कानशिलावरून उतरत होता. पंखाही नको म्हणून भैय्याजींनी तोही बंद केला होता, आणि मला वाटलं, एवढ्या उकाड्यात हवा देणाऱ्या माणसाला हाक मारायची म्हणजे थट्टाच आहे.

“गुणवंता,” त्या म्हणाल्या. इतकं हळू की मोबाइलला ऐकू गेलं नसेल. मग पाठ ताठ केली, मान सरळ केली, आणि चौकीच्या कॅप्टनच्या आवाजात हाक मारली, “गुणवंता! हवा किती उरली?”

माझ्या घशात पस्तीस वर्षांची शुद्ध भाषा अडकून बसली होती. मी डोळे मिटले आणि होस्टेलच्या फाटकापलीकडे डबा धरून उभ्या असलेल्या माणसाचा आवाज आठवला. त्याच आवाजात बोलले.

“पुरते नं बाई. तुमी जेवून घ्या पयले.”

गौरांगनं मोबाइल उचलून ऐकलं आणि जरा ओशाळत म्हणाला, “सुरुवातीची हाक जरा बारीक आली. पुन्हा एकदा घ्यायची का, ताई? त्रास होत नसेल तर.”

सिंधूताईंनी ओल्या पदरानं तोंड पुसलं. “घे नं,” त्या म्हणाल्या. “धा बार घे.”